उभा क्लार्क म्हणजे निघालेला क्लार्क

मित्रांनो, आजचीच गोष्ट. सकाळी ऑफिसात खुर्चीवरून उठताना कमरेत कळ आली आणि डावा पाय बधिर झाला. पाय जागेवर हाय का न्हाई, तेच कळेना.

डॉक्टर म्हणाले, "सलग बसू नका, अधूनमधून उभं राहून काम करा."

परत येऊन टेबलावर खोकी रचली, त्यावर कॉम्प्युटर चढवला आणि उभा राहिलो. उभा क्लार्क म्हणजे निघालेला क्लार्क, हेच लोकांना ठाऊक. टेबलापुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं घाबरून माझा हातच धरला.

"बस ना लेकरा, जाऊ नको. एवढ्या लांब राणीसावरगावहून आले बाबा."

बसलो. तिचं काम होईपर्यंत पाय पुन्हा बधिर.

उद्याही रांग असणारच. तुमी उभं राहून काम करता का? समोरच्याला काय सांगता? मला आता बसायचीच भीती वाटायली.