सशांना टोचलेली सुई

नागपूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माय रडत होती आणि दोस्त गजानन हसत होता. "तिथल्या मेंढ्यायलेही इंग्रजी येते म्हणते गा! तू सातवी नापास, त्यायच्याशी का बोलशीन?" ऑस्ट्रेलियात नर्स असलेल्या ताईनं कागदपत्रं करून बोलावलं होतं, मेंढ्यांच्या फार्मवर काम बघून ठेवलं होतं.

आमच्या खापरखेड्याच्या कॉलनीतल्यांनो, आणि माझ्यासारखंच परमुलखात पडलेल्यांनो, मेंढ्यांचं जमलं. सशांचं सांगतो.

मालक बिल भला माणूस. शाळेचं त्यानं कधी विचारलं नाही, ट्रॅक्टर शेजारी बसून शिकवला. त्याच्या फार्मवर ससे एवढे, की संध्याकाळी माळच सरकतोय असं वाटे. मेंढ्यांना गवत उरत नसे. एका सकाळी जाळीत धरलेले ससे मी आवळून धरले, बिलनं एकेकाला सुई टोचली आणि आम्ही ते सोडून दिले. मला वाटलं, लस. आपल्याकडे देवी काढणारे घरोघर यायचे. टोचणं म्हणजे जीव वाचवणं, एवढंच मला ठाऊक. घरीही तसंच कळवलं.

आठवड्याभरानं ससे भरदिवसा अंगणात येऊ लागले. डोळे सुजून बंद, पापण्यांतून पू. तारेवर आपटायचे, चाकाखाली जायचे. कावळे जित्या सशांचे डोळे फोडायचे. मी धावत जाऊन म्हटलं, औषध बिघडलं. बिल म्हणाला, "बिघडलं नाही, लागू पडलंय." सुईत रोगच होता. पुढं डास आणि पिसवा तो पसरवत होत्या.

"मरतील आपोआप," बिल म्हणायचा. मला बघवेना. मी दांडकं उचललं. पहिल्याच सशाला फटका चुकला. तो लेकरासारखा किंचाळला. दुसरा मारला, तिसरा मारला, तोंडावर रक्त उडालं. पुढं हात बसला. मागचे पाय धरायचे, मानेवर एकच घाव. काम सोडावं तर ताईचा शब्द जातो, बिलचे उपकार बुडतात. आणि आम्ही बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातले. रोज सकाळी बाबा पंचशील म्हणणार, आम्ही त्यांच्या मागून. आता त्यांच्या मागं कोणत्या तोंडानं बसू?

काही वर्षांनी घरी आलो. बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "आपला पोरगा तिथं सशायले देवी काढून राहिला!"

"बाबा, लस नाही ते. रोग सोडतेत. अन् मी दांडक्यानं मारतो."

शेजारी उठून गेले. माय म्हणाली, "काहून सांगतलं गा? खुश होते ना ते."

बाबांनी विचारलं, "आंधळे झाले तेच मारतो ना?"

"हो."

"मारताना तोंड फिरवतो काय?"

"नाही. फिरवलं तर चुकते."

सकाळी बाबा पंचशीलाला बसले. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. ते म्हणून बाबा थांबले. मायनं म्हटलं. बाबा थांबलेलेच. माझा आवाज येईस्तोवर ते दुसऱ्या शीलावर गेले नाहीत.

घर म्हणजे मला आता ती घटका. बाबा राहिले नाहीत. इथं माळावर रोज सकाळी मी एकटाच पहिल्या शीलाशी थांबतो, आवाज फुटला की म्हणतो, आणि दांडकं घेऊन आंधळे ससे शोधायला निघतो.