कौसाबाईंची पाचटातली बाग

कामावर घेण्याआधी मी कौसाबाईंना चार प्रश्न विचारणार होतो. त्यांनी चपला काढल्या आणि भर दुपारी आमच्या सुप्याच्या कारखान्याची मोकळी जागा अनवाणी फिरून आल्या. "हितं भुई लई तापती, सायेब. हितं आदी सावली. फुलं मागनं." बागेचं काम माझ्याकडे होतं, पण त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना रोजंदारीवर लगेच घेतलं.

नव्वदीच्या त्या वर्षांत पावसाचा भरवसा उरला नव्हता. "माझ्या लहानपनी दिसभर भुरभुरायचा," त्या म्हणायच्या. "आता येतो, धिंगाना घालतो नि जातो. त्याला आडवायला नगं?" त्यांनी उताराला आडवे चर खणले, हात धुण्याच्या नळांचं पाणी झाडांकडे वळवलं, करंज लावले आणि मधून माळावरच्या तरवडाची झुडपं. तरुणपणी श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायच्या. तिकडून टेम्पोभर पाचट, उसाचा वाळका पाला, मागवून आळ्यांत पसरलं. मोठे साहेब हसले, "बाग करताय की गोठा?"

"मातीचं पांघरून हाय ते. काडू नका, ऊन लागंल तिला."

साहेबांना दारात हिरवळ हवी होती. ती त्यांनी पुण्याहून आणून अंथरली. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि हुकूम निघाला, पाणी फक्त हिरवळीला. कौसाबाईंनी ते करंजांना घातलं. साहेबांनी जाब विचारला, तर म्हणाल्या, "हिरवळ मेली तर परत आनाल. ह्यो मेला तर कामगारांची सावली दोन वर्सं मागं जाईल."

त्याच दिवशी त्यांचं काम बंद झालं. निरोप मी दिला. त्यांच्या बाजूने एक शब्द बोलायचं धाडस मला झालं नाही. त्या रडल्या-भांडल्या नाहीत. उलट मलाच झाडाझाडापाशी नेऊन समजावलं, "करंजाला आठ दिसानी. तरवडाला नगंच. लई पाजू नका, लाडावतं."

पुढच्या आठवड्यात त्या फाटकाशी उभ्या दिसल्या. काम मागायला आल्या असतील, असं वाटून माझी नजर वर होईना.

"सायेब, आठवा दिस हाय. करंजाला पानी दिलं का?"

दिलं नव्हतं. मी तसाच आत गेलो आणि बादली उचलली. त्या उन्हाळ्यात एकही आठवडा चुकवला नाही. टँकरचं पाणी घालूनही हिरवळ मे महिन्याआधीच वाळून गेली, करंज तगले.

आता दुपारच्या पाळीचे लोक करंजांखाली डबे सोडतात. झाडं कुणी लावली, असं नवी पोरं विचारतात, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने कौसाबाईंचं नाव सांगतो. मग त्या कुठे गेल्या, असं कुणी विचारलं, की मी डब्याचं झाकण लावून उठतो.