नानाचं एक खोटं

नाना गेल्याचा निरोप मला सुरतजवळ कामरेजला शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं आणून दिला. मी नुसतं बरं म्हणालो आणि चप्पल शोधायला लागलो. रडू आलं नाही. वर्षभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून माणूस असा शिणतो, की ती बातमीसुद्धा सुटका वाटते... वाटली, खोटं कशाला बोलू? आता दीड महिना झाला, शीण काही जात नाही.

नाना माझा थोरला भाऊ. सुरतेत बमरोलीला लूमवर कारागीर, बोलायला कंजूष, हसायला उधळ्या. पोटाचा कॅन्सर निघाला आणि आईनं तिथल्या तिथं निवाडा करून टाकला. वहिनी नगरकडची, तिच्या हातचा ठेचा जहाल. नाना तो रोज भाकरीवर घेऊन खायचा. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत सांगायची, "इन्ही मिरचीनी मन्हा पोऱ्याले खादं." वहिनी खाली मान घालून चहा करायची. तिनं स्वतः तिखट खाणंच सोडलं. नानाचा जीव आजारापेक्षा ह्या बोलण्यानं जास्त तुटायचा.

रोग यकृतापर्यंत पसरला तेव्हा दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी अभ्यासासाठी त्याचं रक्त मागितलं. आपलं कोण, परकं कोण हे ओळखायला शरीराला आईबापाकडून काही खुणा मिळतात म्हणे. कुणात हा रोग पसरतो नि कुणात नाही, त्याचा त्या खुणांशी संबंध आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. नानानं एकच विचारलं, रोग रक्तातूनच आला असं निघेल का? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, तसं नाही सांगता येणार. एकट्या तुमच्याबद्दल तर काहीच नाही. मी शेजारीच बसलो होतो.

घरी आल्यावर नानानं सगळ्यांसमोर सांगितलं, "डॉक्टरनी शोधी काढं. दोष मन्हा रगतमा शे, तिना हातमा नई."

वहिनीवरचं बोलणं त्या दिवशी थांबलं. पण नानाला ते रक्त दिलं कुणी? आईनंच. तिनं ते मनाला लावून घेतलं. नातवंडांना जवळ घेईना. नाना गेल्यावर एकदा मला म्हणाली, मीच त्याला मारलं रे... मला खरं माहीत होतं. पण सांगितलं तर वहिनी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी जाणार. काय करावं कळेना, आणि भांडायची ताकद उरली नव्हती.

परवा बमरोलीला गेलो. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली, जेवायला तयार नाही. वहिनी ताट घेऊन तिच्याजवळ बसली नि हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टर तसं बोललेच नव्हते. मी जाऊन विचारलंय त्यांना. ह्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुम्ही माझ्या मिरचीला काय बोलायचं ते बोला, पण जेवा."

आई भिंतीकडून तिच्याकडे वळली. मग ताट उचलून नानाच्या खाटेवर, तो बसायचा त्या जागी ठेवलं. भाकर मधोमध मोडली, अर्धी वहिनीपुढे केली आणि म्हणाली, "तू बी बस."