मांडीधऱ्या आकाराम

कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात आकारामला 'मांडीधऱ्या' म्हणत. नाव ऐकून नवखा माणूस हसायचाच. आकाराम हसत नसे आणि रागावतही नसे. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने, भर पारावर ओढवून घेतलं होतं.

त्याचे वडील लालासाहेब म्हणजे वीस एकर ऊस आणि त्याहून लांब मिशा. घरातले दोन चुलते पलटणीत होते, त्यामुळे बेचाळीस साली आकारामही भरतीला गेला. तिथे छाती इंचभर कमी भरली. साहेबाने बंदुकीऐवजी त्याला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात वॉर्डातलं काम दिलं. घरच्या पत्रात मात्र त्याने एवढंच कळवलं, की मी भरती झालो. ते खोटं नव्हतं. पण लालासाहेबांनी ते पत्र चावडीवर वाचून घेतलं आणि पोरगा जर्मनावर चालून गेल्याचं जाहीर करून टाकलं. आकारामने ते कधी खोडलं नाही.

दवाखान्यात त्याच्या हाती एक लाकडी पेटी आली. पेटीत तारेचं वेटोळं, बॅटरी आणि एक चिमुकली हातोडी. कळ दाबली की हातोडी माशीसारखी भणभणायची. पेटीतून दोन वायरी निघत आणि त्यांच्या टोकाला कापडात गुंडाळलेल्या पत्र्याच्या चकत्या असत. ज्याचा पाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहिला, त्याची मांडी वाळून काठी होते. गडी पाय उचलायला जातो, पण मांडी ऐकत नाही. त्या मांडीवर चकत्या बांधायच्या आणि वीज हळूहळू चढवायची, म्हणजे मेलेलं मांस आपोआप वर उचललं जातं. कापड मिठाच्या पाण्यात चिंब भिजवायचं, ही त्यातली गोम. कापड कोरडं राहिलं तर कातडी भाजते. आकाराम रोज वीज आधी स्वतःच्या दंडावर घेऊन बघायचा आणि मगच दुसऱ्याला लावायचा. तिथल्या गोऱ्या बाईने त्याला सगळं शिकवलं आणि वर्षभरात त्याचा हात तिच्यापेक्षा हलका झाला.

कवठेमहांकाळचा जोतिबा त्याच्याकडे आला तो इटलीतून, तोफगोळ्याने मोडलेली मांडी घेऊन. बाप-आजा मेंढरामागे हिंडलेला, उंचापुरा माणूस. पहिल्या दिवशी पेटी भणभणली तसा तो म्हणाला, "आरं, ह्यात गांधीलमाशी कोंडलीया का काय?" मग रोज सकाळी तासभर आकाराम सांगायचा, "आवळ... धर... आता सोड." आणि दुखणं विसरायला जोतिबा आपली लढाईची गोष्ट सांगायचा. ओढ्याच्या पाण्यात एक जर्मन अंगावर आला, बंदूक भिजलेली, मग याने त्याला कवेत घेतला आणि धोबीपछाड टाकून बंदुकीसकट आपटला. तीन महिन्यांत ती गोष्ट आकारामला पाठ झाली. तीन महिन्यांनी जोतिबा स्वतःच्या पायांनी घरी गेला.

सेहेचाळीस साली आकारामही सुटून घरी आला. वेशीत हलगी वाजली, गळ्यात हार पडले. पारावर बसवून म्हाताऱ्यांनी विचारलं, "सांग की गड्या, जर्मन कसा व्हता?" लालासाहेब मिशीला पीळ देत पुढ्यातच बसले होते. परक्याच्या मांड्या चोळून आलो, हे त्या मिशीसमोर कसं सांगायचं? आकारामचं तोंड उघडलं आणि आतून जोतिबाचा जर्मन बाहेर आला. धोबीपछाडीला पार दणाणला. इंचभर कमी भरलेली छाती त्या दिवशी हातभर फुगली. पुढे ती गोष्ट दर सणावाराला होऊ लागली आणि दर खेपेला जर्मन थोडा उंच होत गेला.

यात्रेच्या दिवशी गोष्ट अशीच रंगात आली होती. पाराच्या कडेला एक उंच माणूस काठी टेकून उभा राहिला. जोतिबा! तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला होता, पाय पुन्हा दोन महिने प्लास्टरमध्ये गेला होता आणि मांडी पुन्हा वाळली होती. त्याने आपलीच गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग एवढंच म्हणाला, "आकाराम, सांगलीत एका डागदरानं तसली पेटी आनलीया. पर त्येला हात न्हाई. माजी कातडी भाजली. तू चल गड्या. तुज्याबिगर ह्यो पाय उठायचा न्हाई."

"कसली पेटी? कोन रं ह्यो?" लालासाहेबांनी विचारलं.

सगळा पार आकारामकडे बघत होता. तो म्हणाला, "काय की. पलटनीत लय मानसं असत्यात. मी न्हाई वळखत."

जोतिबाने काठी सावरली. "चुकलो मी," तो म्हणाला. "मला वाटलं, दवाखान्यातला आकाराम." तो वळला आणि पायरी उतरताना त्याचा गुडघा दुमडला. माणूस धाडकन मातीत पडला. आकारामचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. दुसऱ्याच कुणीतरी जोतिबाला उचललं आणि काठी हातात दिली.

आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात कुणाला काही कळलं नव्हतं, हीच त्याला मोठी शिक्षा वाटली. तिसऱ्या दिवशी त्याची आई मनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो लंगडा पडला, तवा तुजा हात म्होरं झाला आन् माघारी आला. मी देवळाच्या दारातनं बघितलं. कोन व्हता त्यो?"

त्याने चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. पेटी, मिठाचं पाणी, चोरलेली गोष्ट. मनुबाईने चार भाकऱ्या बांधल्या आणि दुसऱ्या गाठीत मूठभर खडेमीठ बांधलं. "मिठाला जागावं मानसानं," एवढं म्हणून तिने दोन्ही गाठोडी त्याच्यापुढे सरकवली.

सांगलीत डॉक्टरच्या बाकावर जोतिबा बसला होता. मांडीवर भाजल्याचे दोन काळे गोल डाग होते. ते बघून आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली फरशीवर बसला, आईचं मीठ वाडग्यात विरघळवलं, कापड चिंब केलं आणि डाग चुकवून चकत्या बांधल्या. आधी स्वतःच्या दंडावर वीज घेतली. पेटी भणभणली, मांडीचं मांस हललं, थोडं वर आलं.

"जोतिबा, मला माफ कर," तो मान खाली घालून म्हणाला. "तुजी गोष्ट मी..."

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," जोतिबा म्हणाला. "सांगतोस बी माज्यापरीस झ्याक. मला पाय तेवढा दे."

जोतिबाने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. आकाराम महिनाभर सांगलीत राहिला. रोज दोन वेळा "आवळ, धर, सोड" झालं, पण लढाईचा विषय जोतिबाने पुन्हा काढला नाही. ती गप्प बसलेली तासभराची बैठक आकारामला फार जड जायची. महिन्याने जोतिबा काठी हातात घेऊन, पण ती न टेकता मोटारीच्या थांब्यापर्यंत चालत गेला.

आकाराम गावी परतला त्याच दिवशी पारावर पाहुणे होते. लालासाहेब म्हणाले, "पोरा, पाहुण्यास्नी जर्मन सांग."

"कवठेमहांकाळचा जोतिबा म्हनून एक गडी हाय," आकारामने सुरुवात केली. "जर्मन त्येनं आपटला. यात्रेत पडला त्योच. मी त्येला वळखत व्हतो."

"मंग तू काय करत व्हतास?" लालासाहेबांनी हळू विचारलं.

"मी त्येची मांडी धरली व्हती."

आधी एकजण फिसकन हसला, मग सगळा पार. लालासाहेब उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि मागे न बघता घराकडे चालू लागले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मांडीधऱ्या!" आणि नाव जागच्या जागी चिकटलं.

आकाराम ते ऐकत बसून राहिला. जोतिबा त्या पायरीवरून पडला तेव्हा हात पुढे केला असता, तर हेच नाव त्याच दिवशी मिळालं असतं आणि त्याने ते मिरवलंही असतं. आता ते जन्मभर नुसतं ऐकून घ्यायचं होतं.