दुष्काळात आला लोकरीचा टेम्पो

आमच्या महिला विणकाम सहकारी संस्थेत स्वेटर फार झाले नाहीत, पण किस्से झाले, विचारू नका! कामापेक्षा मोठेपणा जास्त असला की असंच होतं. संस्था कधीच बंद पडली, किस्से अजून चालू आहेत.

त्या साली घाटनांदूरकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसत होते. आम्ही बायकांनी बापूसाहेबांकडे, म्हणजे सोसायटीच्या चेअरमनकडे, पाण्याचा टँकर मागितला. आठ दिवसांनी आला लोकरीचा टेम्पो! महिलांच्या कुठल्याशा योजनेतला.

"बापूसाहेब, आमी पाणी मागितलं होतं," मी म्हणाले.

"पाणी पिऊन संपतं, ताई. स्वेटर टिकतो!"

आणि संस्थेची अध्यक्षा कोण? त्यांच्याच मंडळी, मालतीबाई. सुई कुठल्या टोकानं धरतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

*

उद्घाटन भर मे महिन्यात. फोटोत उठून दिसावं म्हणून बापूसाहेबांनी पांढऱ्या शर्टावर नमुन्याचा लाल स्वेटर चढवला. पाहुण्यांचं भाषण लांबलं. बापूसाहेब घामानं निथळतायत; पण काढावा कसा, फोटोग्राफरच आलेला नाही! शेवटी काढला, तर आतला शर्ट गुलाबी.

शिकवायला आलेल्या कुलकर्णीबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "रंग कच्चा निघाला वाटतं."

मागून सरू म्हणाली, "कच्चा कसला? शर्टाला लई पक्का बसलाय!"

ही सरू आमच्याच गल्लीतली. दरसाल नवऱ्याबरोबर माजलगावकडं ऊसतोडीला जाणारी.

*

कुलकर्णीबाईंनी सांगितलं, "पहिला स्वेटर प्रत्येकीनं स्वतःसाठी विणायचा." बाई काहीतरी वंगाळ बोलल्यासारख्या सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या!

महिन्याभरानं कौसल्याकाकूंनी भला रुंद स्वेटर आणून ठेवला.

"हा तुमच्या मापाचा आहे?"

"न्हाई, मालकाच्या."

"अहो, मी स्वतःसाठी म्हटलं होतं."

"मग मालकांनी कुठं जावं?"

*

स्वतःसाठी विणला तो एकट्या सरूनं. हिरवागार, अंगाबरोबर, गळ्याला घट्ट. दीर पारावर बसून हसायचा. हा गडी कधी उसाच्या फडात तोडणीला गेलेला नाही, पत्त्यांतून उठला तर ना!

"वहिनी, स्वेटर कशापायी? ऊस तोडायला चाललीस का फोटो काढायला?"

सरू टाके मोजत म्हणाली, "पहाटं दवात मोळ्या बांधताना थंडी मला वाजती. तुमी या की यंदा, तुमालाबी विणते!"

दीरानं पत्ते पिसायला घेतले.

*

दसऱ्याच्या आधी परळीला प्रदर्शन भरलं. आम्ही टेबलं लावतोय तोवर मालतीबाईंनी सरूच्या स्वेटरवर चिठ्ठी टाचली: 'स्वतःसाठी विणलेला स्वेटर. सौ. मालतीबाई, अध्यक्षा.' सरूनं चिठ्ठी मला वाचायला लावली. तिचा चेहराच उतरला. चार दिवसांनी ऊसतोडीची टोळी निघणार होती आणि स्वेटर अध्यक्षांच्या नावावर!

मी बोलायला पुढं झाले, तेवढ्यात प्रदर्शन बघायला योजनेचे मोठे साहेब आले. चिठ्ठी वाचून खूश!

"वा! आपल्या मापाचा विणलाय? मग घालून दाखवा की!"

मालतीबाई अंगानं सरूच्या दुप्पट. नाही म्हणायची सोय नव्हती. हात वर करून त्यांनी स्वेटर डोक्यावरून घातला आणि तो तिथंच अडकला. हात वर, डोकं आत, काकणं वाजतायत. बापूसाहेब खाली ओढायला लागले, तर आतून किंकाळी!

"सरूऽ! सोडव गं बाई!"

सरू सावकाश पुढं आली. बाहीला हातसुद्धा न लावता म्हणाली, "सोडवते की. स्वेटर कुणाचा हाय तेवढं सांगा."

आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. "तुझा... तुझाच..."

साहेब बघतायत, बापूसाहेब बघतायत, सगळं प्रदर्शन गोळा झालेलं.

सरू कान जवळ नेऊन म्हणाली, "लोकर दाट हाय, बाईसाहेब. जरा मोठ्यानं!"