तळ्यावरचा बर्फ

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "तात्पुरतं जातेयस, एवढं ध्यानात ठेव." मी ते फारच ध्यानात ठेवलं. वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून पर्मनंट झाले, नवऱ्यानं, सुहासनं, मॉर्गेज काढून घर घेतलं, तरी माझ्या बॅगा अर्ध्या भरलेल्याच असायच्या.

म्हणून एका शनिवारी तो फावडं घेऊन बॅक गार्डनमध्ये उतरला तेव्हा मी भडकले.

"छोटंसं तळं करतोय," तो म्हणाला. "मासे पाळू."

"आपण परत जाणार ना? मग तळं कशाला खणतोस?"

"तू दरवर्षीच जाणार असतेस. मला जरा इथं राहून बघू दे."

आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्यानं एकट्यानं कमरेइतकं खोल खणलं, पाणी मुरू नये म्हणून खाली काळं प्लास्टिकचं लायनर अंथरलं, पाणी भरलं आणि काही दिवसांनी गोल्डफिश सोडले.

त्या हिवाळ्यात तो कामासाठी रीडिंग शहरात गेला आणि इकडे तळं गोठलं. मासे दिसेनात. मी हातोडी उचलली, तोच कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी ग्वेन ओरडली, "डोंट हिट इट, लव्ह!" हादऱ्यानं मासे मरतात, म्हणाली. बर्फावर गरम पाण्याचं पातेलं ठेव, हवेपुरतं भोक पडलं की झालं.

पाणी उकळून उकळून मी पातेलं ठेवत राहिले. भोक पडल्यावर ओणवी होऊन पाहिलं. तळाशी केशरी काहीतरी निपचित पडलेलं. गेले, वाटलं. मग एकाचा कल्ला हलला, आणि मला रडूच फुटलं.

पुढच्या जानेवारीत मिरजेला गेले. शेतावर हुरडा खात बसलो होतो, पण माझं लक्ष फोनवर. कार्डिफचं तापमान शून्याखाली. सुहासला मेसेज टाकला, "तळं गोठलं का?"

आई म्हणाली, "तिथं असलीस की इथलं विचारतेस, इथं आलीस की तिथलं. जिवाला स्वस्थता म्हणून नाही तुझ्या." मग हुरडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "घरी गेलीस की माशांचे फोटो पाठव हो."

घरी. किती सहज बोलून गेली ती. 'अगं, घर हेच ना?' असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. सुहासचं उत्तर होतं. मी आधी ते वाचलं.