रिकाम्या जीपचा टर्बो

गोरेगावहून सेनगावला जीप नेणाऱ्या काकांनी स्टिअरिंगखाली स्वस्तातलं एक यंत्र खोचलंय. टर्बोचा दाब, इंजिनाचं तापमान सगळं जुन्या मोबाईलवर दिसतं. ऐकणारं कुणी नसलं तरी ते आकडे मोठ्यानं वाचतात.

परवा जीपमध्ये मी एकटाच होतो. चढावरही दाब फारसा वाढेना.

"टर्बो बिघडला का, काका?"

"न्हाई सर. त्याला भार लागतो. आता समद्यांकडं मोटारसायकली. रिकाम्या गाडीत तो काहून जोर लावंल?"

फाट्यावर कुणी हात केला नव्हता, तरी त्यांनी जीप थांबवली आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

सेनगावला मी उतरू लागलो, तसे म्हणाले, "बसा की जरा. घाई हाय का?"

शाळा भरायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "न्हाई."